सिमेंटमधले चार ठसे

आज सकाळी घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीत ओल्या काँक्रीटवरून कुत्रा चालत गेला आणि मिस्त्री थापी घेऊन धावले. "लगेच पुसतो दादा, एकदा सुकलं की कायमचं राहील," असे ते म्हणाले.

त्या "कायमचं"पाशी मी अडखळलो. बोलिव्हियात सुक्रे शहराजवळ, सिमेंट कारखान्याच्याच खाणीत, भूहालचालींमुळे जवळजवळ उभ्या झालेल्या चुनखडीच्या भिंतीवर डायनासोरांचे ५,००० हून अधिक ठसे आहेत, सुमारे ६.८ कोटी वर्षांपूर्वी ते प्राणी पाण्याकाठच्या मऊ चिखलातून चालले, चिखल सुकला आणि वर नवा गाळ साचून ठसे झाकले गेले. हाडे मेलेल्या प्राण्याची असतात, ठसा मात्र चालत्या प्राण्याचा. मला तोच अधिक जवळचा वाटतो.

मिस्त्रींनी तीन ठसे पुसले. चौथा, नखांच्या टोकांसकट, कुंडीआड राहून गेला. तो मी त्यांना दाखवायला हवा होता का?