वाऱ्याच्या माथी मारलेली गाठ

मागच्या शनिवारी न्यू जर्सीतल्या केन लॉकवूड गॉर्जमध्ये फ्लाय फिशिंग करणाऱ्या एका माणसाचं कास्टिंग, म्हणजे रॉडनं लाइन फेकणं, मी बिघडवून ठेवलं. 'त्यानंच विचारलं होतं' एवढाच माझा बचाव, आणि तो लंगडा आहे.

एडिसनहून तासाभरात पोचता येतं तिथे. रॅरिटन नदीची साउथ ब्रांच मोठाल्या धोंड्यांमधून घसरत येते, झाडं पाण्यावर वाकलेली, वर उंचावर जुना रेल्वेपूल, ज्यावरून आता सायकलवाले जातात. माझ्यापासून थोडं खाली एक जण उभा होता, तिशीचा असेल, पाण्यात उभं राहायचे वेडर्स अजून कोरे. त्याच्या जवळजवळ प्रत्येक कास्टला टेलिंग लूप पडत होता. म्हणजे असं, की पुढे जाताना लाइनचा हवेत एक आडवा वळसा होतो. त्याची वरची बाजू वरच राहायला हवी. याची वरची बाजू खाली येऊन खालचीला छेदत होती आणि लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, बारीक गाठ बसत होती. तिला सगळे 'विंड नॉट' म्हणतात. वारा बिचारा उगाच बदनाम. त्या दिवशी पानही हलत नव्हतं. गाठ बसलेला लीडर माशाच्या पहिल्याच हिसक्याला तुटू शकतो, म्हणून ती सोडवण्यावाचून गत्यंतर नसतं.

अर्धा तास मी गप्प होतो. गप्प म्हणजे तोंडानं. डोक्यात यादी चालूच होती. फ्लाय, म्हणजे दोऱ्याच्या टोकाचा नकली किड्याचा गळ, बदलायचं नाटक करत मी त्यालाच बघत होतो. तिसरी गाठ सोडवायला तो दगडावर टेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "माझं नक्की काय चुकतंय?"

झालं. मनगट मोडतंय, कोपर उडतंय, जोर एकदम सुरुवातीलाच लागतोय, मागे लाइन सरळ व्हायच्या आत रॉड पुढे सरकतोय, डाव्या हाताला लाइन ढिली पडतेय. अर्ध्या तासाचा साठा मी दोन मिनिटांत रिकामा केला, वर हातवारे करून दाखवलं. त्यानं प्रामाणिकपणे सगळं एकदम करायचा प्रयत्न केला. आधी निदान तीसेक फूट जाणारी लाइन आता शेवयांसारखी त्याच्या टोपीवर उतरायला लागली. पाच-सहा प्रयत्नांनंतर "थँक्स" म्हणून तो खाली निघून गेला. तसलं "थँक्स" मी स्वतःही पुष्कळांना म्हटलेलं आहे.

मग मी त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याच बॅककास्टला, लाइन मागे जाताना, माझी फ्लाय मागच्या हेमलॉकच्या फांदीत. सोडवायला गेलो, तर शेजारी आणखी एक लटकत होती, सोळा नंबरची एल्क हेअर कॅडिस. त्याचीच असणार.

फांदी चुकवायला तो बिचारा मागचा स्ट्रोक आखडता घेत होता. लाइन तेवढीच लांब आणि स्ट्रोक तोकडा, की रॉडचं टोक मध्येच खाली दबतं आणि लूपची शेपटी पडते. "दोन पावलं डावीकडे सरक," किंवा "इथे लाइन मागे न फेकता रोल कास्ट कर," एवढं पुरलं असतं. मला फांदी दिसली नाही, कारण मी माणूस बघत होतो. आणि तोही बराच वेळ पाठीमागून. मागून रॉड सरळ रेषेत जातोय की वाकडा, ते कळतं. लूप नीट बघायचा तर बाजूला जावं लागतं. अमेरिकेत कास्टिंग इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेत मुद्दाम टेलिंग लूप काढून दाखवायला लावतात, ते काही उगाच नाही. चूक स्वतःला हवी तेव्हा करता येत नसेल, तर दुसऱ्याची काय ओळखणार?

लहानपणी देवगडच्या खाडीवर काका मला पागायला न्यायचे. त्यांनी फेकलं की जाळं भाकरीसारखं गोल पडायचं, मी फेकलं की पिळलेल्या धोतरासारखं. काका बिडी ओढत बघत बसायचे. दहा-बारा फेकींनंतर मीच वैतागून वळलो, की एवढंच, "घाई कित्याक करतंस?" माझे पाय, कंबर, खांदा, सगळंच चुकत असणार, आणि ते त्यांना दिसत नव्हतं थोडंच.

न विचारता बोलायची एकच वेळ मी मानतो. मागच्या पायवाटेवरून पोरं चाललीत आणि फ्लाय त्यांच्या कानाजवळून जातेय, तेव्हा ओरडायचं. तिथे शिष्टाचार गेला खड्ड्यात. बाकी कुणाचं कास्टिंग नुसतं कुरूप असेल तर असू दे. त्याच नदीवर एक म्हातारबुवा येतात. चाबूक ओढल्यासारखा हात, लूपच्या नावानं शंख. पण फ्लाय बरोबर धोंड्यामागच्या संथ पाण्यात टेकते आणि मासे लागतात. त्यांना कोण काय शिकवणार!

ती कॅडिस मी माझ्या डबीत वेगळी ठेवली आहे. पुढच्या शनिवारी तो दिसला तर परत करीन. कुठे सापडली असं त्यानं विचारलंच, तर फांदी दाखवीन.