नव्वद लिटर आत, साठ लिटर बाहेर

आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, पोटात पाण्याच्या दोन टाक्या आहेत. एक 90 लिटरची, स्वच्छ पाण्याची, आणि दुसरी 60 लिटरची, मोरीतून उतरणाऱ्या सांडपाण्याची. मुलुंडला घरी येणारा प्रत्येक पाहुणा गाडी पाहताना पहिल्या टाकीची चौकशी करतो. दुसरीबद्दल आजवर कोणी विचारलेले नाही, आणि गाडी बांधून घेताना मीही विचारले नव्हते. तीन वर्षे फिरल्यावर माझे मत असे बनले आहे की मोटरहोमचा मुक्काम किती दिवस टिकेल, हे ती दुर्लक्षित दुसरी टाकीच ठरवते.

हिशोब सांगतो. आम्ही दोघेच असतो. चहाला आणि स्वयंपाकाला दिवसाला 8 लिटर, भांड्यांना 8, दोघांच्या अंघोळीला मिळून 14 आणि हात-तोंड धुण्यापासून ओटा पुसण्यापर्यंतच्या किरकोळ कामांना 6, असे रोज 36 लिटर लागतात, म्हणजे 90 लिटर पाणी अडीच दिवस पुरते. या 36 पैकी पोटात आणि आमटी-भातात गेलेले 8 लिटर वगळले, तर उरलेले 28 लिटर रोज खालच्या टाकीत उतरतात आणि ती दोन दिवसांत काठोकाठ भरते. स्वच्छ पाणी शिल्लक असूनही भांडी घासता येत नाहीत, अशी गमतीदार अवस्था त्यामुळे तिसऱ्या सकाळी येते. शॉवर आम्ही पहिल्याच महिन्यात काढून टाकला. तांब्याने सात लिटरांत माणूस स्वच्छ होतो, हे चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

पाण्याचे वजन हा दुसरा विषय. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा भरलेली टाकी म्हणजे गाडीत बसवलेला एक धट्टाकट्टा तिसरा माणूस. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी अधिक त्रास देते, कारण तिच्यातले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि ब्रेक मारल्यावर पुढे आदळते. कसारा घाटात पहिल्यांदा तो डुबुक डुबुक आवाज ऐकला, तेव्हा चाकात काही बिघाड झाला असे वाटून मी गाडी बाजूला घेतली होती. पुढे टाकी बदलताना आत आडवे पडदे असलेली टाकी घेतली आणि ती दोन्ही चाकांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवली.

टाकी धुण्याबाबत मी थोडा काटेकोर आहे. हंगामाच्या सुरुवातीला आणि गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर पुन्हा, टाकी पाण्याने भरून त्यात पाच टक्के तीव्रतेचे, सुगंध नसलेले साधे ब्लीच दर लिटरला एक मिलिलिटर या प्रमाणात, म्हणजे आमच्या टाकीला 90 मिलिलिटर, घालतो. मग एकेक तोटी उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडतो, म्हणजे नळ्यांमध्येही ते पोहोचते, आणि चार तासांनी सगळे काढून टाकून दोनदा साध्या पाण्याने धुतो. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे अॅसिड यांची गाठ चुकूनही पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. भरण्याची नळीही वेगळी, खाद्यपदार्थांसाठी चालणारी ठेवावी. बागेच्या हिरव्या नळीने भरलेल्या पाण्याच्या चहाला रबराची चव येते. पिण्याचे पाणी आम्ही तरीही वेगळ्या 20 लिटरच्या जारमध्येच नेतो. माझी आई आदल्या दिवशीचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देत असे. तेव्हा मी हसायचो. आता उन्हात तापलेल्या टाकीत नळाच्या पाण्यातला क्लोरीन चार-पाच दिवसांत उडालेला असतो हे ठाऊक असल्यामुळे हसत नाही.

पंप 12 व्होल्टचा आहे. तोटी उघडली की दाब उतरतो आणि तो आपोआप सुरू होतो. रात्री सगळे नळ बंद असताना तो मध्येच क्षणभर टुर्रकन वाजला, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. चालत्या गाडीत त्याचे बटण बंदच ठेवावे, कारण धक्क्याने एखादा जोड निसटला तर पंप इमानेइतबारे सगळी टाकी गादीखाली ओतून मोकळा होतो.

पाणी भरायचे कुठे, याचे उत्तर महामार्गावर सोपे आहे: डिझेल भरताना पंपावर विनंती केली की बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. मात्र गेल्या वर्षी मे महिन्यात भंडारदऱ्याला जाताना शहापूर तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही पाणी मागायला थांबलो आणि समोर टँकरची वाट पाहत ओळीने मांडून ठेवलेले हंडे दिसले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा याच तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते आहे आणि शहराचे जवळपास निम्मे पाणी आज एकट्या भातसाचे असते. म्हणजे सकाळी मुलुंडच्या नळाला नळी लावून मी जे भरून घेतले होते, ते बहुधा इथूनच आलेले होते. नळी बाहेर न काढताच आम्ही निघालो. तेव्हापासून उन्हाळ्यात त्या बाजूला जाताना टाकी घरीच काठोकाठ भरतो आणि वाटेत लागलेच तर इगतपुरीला घेतो.

आता पुन्हा त्या दुसऱ्या टाकीकडे वळतो. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कारवान पर्यटनाचे धोरण आणले, परंतु सांडपाणी ओतण्यासाठी म्हणून बांधलेली जागा मला वाटेत अद्याप भेटलेली नाही. एकदा परतल्यावर कंटाळा करून ही टाकी तशीच ठेवली आणि चार दिवसांनी दार उघडले, तर चहाचा चोथा, डाळीचे धुवण आणि साबण यांचा असा आंबूस भपकारा आला की शेजारच्या गाडीवाल्यांनी थेट आमच्या सोसायटीच्या सचिवांना बोलावले. प्लंबरने मोरीतला नहाणी ट्रॅप दाखवला: त्यात साठून राहणारे पाणी खालचा वास अडवते, पण उभ्या गाडीत उन्हाने ते सुकते आणि घाटातल्या हिंदकळण्याने सांडते. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओततो आणि भांडी घासण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेतो. तेल टाकीत गेले नाही तर पातळी दाखवणाऱ्या कांड्यांवर थर बसत नाही आणि त्याही खोटे बोलत नाहीत.

शौचकूपाखालची 20 लिटरची सुटी टाकी मी सशुल्क सार्वजनिक शौचालयात, तिथल्या माणसाला आधी सांगूनच, रिकामी करतो. तिच्यात फॉर्मेलिनचे औषध घालत नाही, कारण गावाकडच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू त्याने मरतात.

गुहागरजवळ ज्यांच्या अंगणात आम्ही नेहमी गाडी लावतो, त्या आजींना मी पहिल्या खेपेला भीतभीतच विचारले होते की सांडपाणी कुठे ओतू. त्यांनी आधी साबण कोणता वापरता ते विचारले, बादलीवर वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘अळवाला नको हो, ते आम्ही खातो. पलीकडच्या माडांना घाला, पण एकाच माडाला सगळे नको.’’ साठ लिटर सांडपाण्याच्या मिळून चार बादल्या झाल्या, त्या मी चार माडांना घातल्या. त्यांनी विहिरीचे पाणी भरून घ्यायला सांगितले, तेव्हा मीही ओंजळीत घेऊन चव पाहिली. मे संपत आल्याने ते किंचित मचूळ लागत होते. ते अंघोळीपुरते घेतले आणि पिण्याचा जार गुहागरच्या बाजारातून भरून आणला.