शहरात ११, हायवेला १७: पुढच्या ऑक्सिजन सेन्सरची नोंदवही

८४,२१२ किमी

चेक इंजिनचा दिवा तिसऱ्यांदा लागला. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर. ब्लूटूथ स्कॅनर लावला तर कोड एकच, पी-०१३५: पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, ऑक्सिजन सेन्सरचं हीटर सर्किट. हा सेन्सर इंजिनमधून निघणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. एका गॅरेजमध्ये दाखवली. दोन्ही सेन्सर बदला, कन्व्हर्टरपण (धूर स्वच्छ करणारा डबा) गेला असेल, असं तिथे सांगितलं, तेही मीटर न लावता. मी गाडी घेऊन परत आलो, कारण माझ्या डायरीतले आकडे वेगळं बोलत होते.

टाकी फुल ते टाकी फुल असं अ‍ॅव्हरेज मी गाडी घेतल्यापासून लिहितो. गेले दोन महिने जुळे सोलापूर, आसरा चौक, सात रस्ता, मुलीची शाळा, एवढंच फिरणं झालं की लिटरला ११. तुळजापूरला जाऊन आलो की १७, म्हणजे पूर्वीइतकंच. कन्व्हर्टर चोंदला असता तर गाडी हायवेलाच आधी दमली असती. ती तर घाट काही कुरकुर न करता चढली. मग खोट अशी पाहिजे, जी गाडी थंड असताना असते आणि नीट तापली की नसते.

आतला झिर्कोनिया साधारण ३०० अंशांच्या पुढे तापला तरच सेन्सर कामाला लागतो. मग मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१-०.२. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो आणि वजनाने हवा १४.७ ला पेट्रोल १ हे प्रमाण धरून ठेवतो. हीटर असतो तो सेन्सरला लवकर तापवायला. तो मेला की सगळी भिस्त सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर. तोवर ईसीयू ओपन लूपमध्ये, म्हणजे सेन्सरकडे न बघता, ठरलेल्या तक्त्यावर, थोडं हात सैल सोडूनच पेट्रोल देतो. शाळेपर्यंतचे अडीच किलोमीटर त्यातच संपतात. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की सेन्सर परत गार. १९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत बसला तेव्हा त्याला हीटर नव्हताच, तो नंतर आला. माझी गाडी त्या काळात परत गेली होती.

८४,२३० किमी

आधी फ्यूज. ठीक. सेन्सरचं कनेक्टर सोडवलं. इंजिनच्या उष्णतेने त्याची क्लिप बिस्किटासारखी झालेली, म्हणून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने सावकाश उचलली. चार वायरी: दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. माझ्या सेन्सरमध्ये पांढऱ्या दोन हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी त्याच्या अर्थची. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा आपल्या सेन्सरचा तक्ता बघूनच मीटर लावा.

दोन पांढऱ्यांमध्ये ओहम मोजले. मीटर हललाच नाही, आतली तार तुटलेली. मागच्या सेन्सरचा हीटर ६.२ ओहम दाखवत होता, तो धडधाकट. मग गाडीकडच्या बाजूला, किल्ली ऑन करून, सप्लायची पिन आणि बॉडी यांच्यात १२.३ व्होल्ट. वायरिंगपर्यंत करंट येतोय, म्हणजे बदलायचा तो फक्त पुढचा.

हा मागचा सेन्सर कन्व्हर्टरवर पहारा ठेवायला असतो. धुरावर ताबा ठेवणाऱ्या भागांवर गाडीने स्वतःच अशी नजर ठेवायची, हे ओबीडी-२ भारतात गाड्यांना आलं ते एप्रिल २०१३ पासून. आणि बीएस-४ चं, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या मर्यादांच्या नियमाचं म्हणाल तर एप्रिल २०१० मध्ये ते ज्या १३ शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. हे मला फार आवडतं.

नवीन सेन्सर त्याच पार्ट नंबरचा घेतला, २,८५० रुपये. वायर कापून जोडायचा युनिव्हर्सल स्वस्तात मिळत होता, तो घेतला नाही. सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती वायरीच्या आतूनच जाते. जोडावर डाक दिला, म्हणजे सोल्डर केलं, की ती वाट बुजू शकते.

८४,२५१ किमी, रविवार

आदल्या रात्री सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. सकाळी सहालाच सुरुवात, कारण एप्रिलमध्ये इथे नऊनंतर बॉनेटला हात लावायची सोय नाही. मडगार्डवर जुनी सोलापुरी चादर दुमडून टाकली, पट्ट्याचं बक्कल घासून रंग जायला नको. माझ्या गाडीत पुढचा सेन्सर वरूनच दिसतो, उष्णतेचा पत्रा तीन बोल्टवर काढला की झालं.

चिरेचा, म्हणजे वायरीसाठी बाजूला फट असलेला, २२ चा सॉकेट लावला. जोर दिला तसा सॉकेटच चिरेपाशी फाकू लागला आणि सेन्सरच्या कडा चकाकायला लागल्या. तिथेच थांबलो. शेजारचे काका गिरणीत फिटर होते, ते चहाचा कप घेऊन बघत उभे होते.

"जोर लावू नको बे. गरम कर आधी. आणि ती वायर काप, मेलेल्या सेन्सरची वायर कशाला जपतो?"

"काका, वायर कापली तर मागे फिरता येणार नाही."

"कुठं फिरायचंय तुला मागं?"

वायर कापली. इंजिन चार मिनिटं चालू ठेवून बंद केलं, हातमोजे घातले आणि २२ चा रिंग पाना वरून पूर्ण बसवला. रिंग सहाही कडा धरते, फाकत नाही. काकांनी पान्याच्या टोकावर हातोडीचे दोन छोटे ठोके दिले. "कच्च" असा कोरडा आवाज झाला, पाना जेमतेम पाव इंच सरकला. मग अर्धा फेरा पुढे, पाव मागे, परत स्प्रे, असं करत तो सुटला. आटे शाबूत. हे पुढे-मागे करणं चुकवू नका: गंजलेला आटा एकाच दिशेने ओढला तर मॅनिफोल्डमधले, म्हणजे सेन्सर बसतो त्या धुराच्या नळातले, आटे घेऊन बाहेर येतो.

जुन्याच्या टोकावरच्या जाळीला कोरडी, मऊ काजळी. बोटाला लागली की काळीकुळकुळीत, तेलकट अजिबात नाही. दोन महिने जास्तीचं पेट्रोल जळत होतं, ते असं हातात आलं. पांढरी पूड असती तर कूलंट किंवा सिलिकॉन आत जातंय का, ते शोधावं लागलं असतं.

नव्याच्या आट्यांना ग्रीस लावूनच आलं होतं. टोकाला बोट लागू दिलं नाही. शेवटपर्यंत हाताने फिरवला, मग टॉर्क पान्याने ४५ न्यूटन-मीटर. वायर पत्र्यापासून लांब, जुन्याच क्लिपांत.

कोड पुसला, गार इंजिन चालू केलं. आधी सिग्नलची रेघ ०.४५ वर बराच वेळ ठाण मांडून असायची. आता चाळीसाव्या सेकंदाला हलली, ०.१ ते ०.८ अशी झोके घ्यायला लागली आणि अ‍ॅपवर क्लोज्ड लूप आलं, म्हणजे ईसीयू परत सेन्सर बघून पेट्रोल द्यायला लागला. काकांना फोन दाखवला. ते बराच वेळ ती रेघच बघत राहिले.

८४,७९० किमी

दिवा परत लागलेला नाही. पहिली टाकी, सगळी शहरातली: १४.३. सकाळी गाडी काढताना मागे यायचा पेट्रोलचा वास गेला. मागचा सेन्सर आणि कन्व्हर्टर होते तसेच ठेवले आहेत. पुढची टाकी अक्कलकोटला जाऊन आल्यावर भरेन आणि आकडा इथेच लिहीन.