फोटो आधी टेबलावर ठेवा, मग रेटचं बोलू

फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की पाच मिनिटांत 'कडक', 'क्या बात', 'लाजवाब दादा' सुरू होतं, अंगठे येतात, हार्ट येतात, आणि छान वाटतं, वाटायलाच पाहिजे. पण त्या कौतुकाच्या भरवशावर कोणी मला विचारलं की ताई प्रिंट विकायच्यात, रेट काय लावू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तो फोटो कागदावर काढ आणि चार जाणत्या माणसांसमोर टेबलावर ठेव. कारण गिऱ्हाईक पैसे देतं ते भिंतीवर लागणाऱ्या कागदाचे, आणि त्या कागदाबद्दल ग्रुपवर कोणीच काही बोललेलं नसतं, बोलणार तरी कसं, बघितलाच नाही कोणी.

आम्ही काही जण नाशिकमध्ये अधूनमधून रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. फोन बाजूला, फक्त प्रिंट आणायच्या. आणि ज्याचा फोटो त्याने सुरुवातीला गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड जातं लोकांना. पहाटे किती लवकर उठलो, थंडी काय होती, गाडी कुठं पंक्चर झाली, हे सगळं खरं असतं पण विकत घेणाऱ्याच्या हॉलमध्ये ते सांगायला आपण उभे राहणार नसतो ना.

मागे एका मुलाने गोदाघाटाचा फोटो आणला होता, नारोशंकराच्या देवळाच्या बाजूचा, सकाळचं तिरपं ऊन, पायऱ्या, आणि मधोमध एक बाई केशरी साडी पिळून वाळत घालतेय. १२ बाय १८ इंचाची मॅट, म्हणजे बिनचमकीच्या कागदावरची प्रिंट. फोनवर हाच फोटो आम्ही सगळ्यांनी बघितला होता आणि सगळ्यांना आवडला होता. आमच्यात एक काका आहेत, उभं आयुष्य फोटो लॅबमध्ये गेलंय त्यांचं, त्यांनी ती प्रिंट उचलली, खिडकीपाशी नेली, मग ट्यूबलाइटखाली धरली आणि म्हणाले, "अरे, ह्या खालच्या पायऱ्या गेल्या कुठं?" खरंच, सावलीतल्या पायऱ्यांच्या जागी नुसता काळा पट्टा होता, आणि त्या साडीची एकही चुणी दिसत नव्हती, सगळं केशरी एकसारखं सपाट.

कारण सोपं आहे. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, तो खोलीतला उजेड परत फेकतो तेवढंच. त्यात मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका खोल येत नाही, त्यामुळे सावलीतले बारकावे लगेच एकमेकांत मिसळतात. आणि भडक केशरी, भडक लाल हे स्क्रीनला जेवढे जमतात तेवढे छपाईच्या शाईला जमत नाहीत, मग प्रिंटर जमेल तिथपर्यंत आणून सोडतो आणि चुण्या, सुरकुत्या गायब. नाशिकच्या फोटोग्राफरला हे पक्कं माहीत पाहिजे, कारण आपल्याकडे घाट म्हटलं की केशरी आलंच, गुलाल आला, झेंडूची फुलं आली. काकांनी त्याला सांगितलं ते असं की मॉनिटरचा ब्राइटनेस आधी चांगला खाली आण, लॅबकडून त्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल) माग, सॉफ्ट प्रूफ लावून बघ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल ते स्क्रीनवरच कळतं, केशरीचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, थोडं उतरव, सावल्या थोड्या उचल, आणि सगळी प्रिंट परत काढण्याआधी फक्त पायऱ्या आणि साडी एवढ्याच भागाची छोटी टेस्ट काढ. पुढच्या वेळी तो आला तेव्हा पायऱ्यांवरचा ओलावासुद्धा दिसत होता. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी फोटोग्राफी आणि छपाई दोन्ही धंद्यांत होते, मला नेहमी वाटतं की ही दोन कामं एकाच माणसाच्या डोक्यात असली पाहिजेत.

साइझचं पण लोक उगाच अंदाजाने करतात. जवळून बघायची प्रिंट असेल तर इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००, साधारण २० मेगापिक्सेल झाले. मोठी प्रिंट लोक लांबून बघतात तेव्हा कमी चालतं. पण नांदूरमध्यमेश्वरला लांबच्या पक्ष्याचा फोटो काढून तो निम्म्याहून जास्त क्रॉप करायचा आणि मग २० बाय ३० काढायचा हट्ट धरायचा, तर पिसं दिसत नाहीत, नुसता पक्ष्याचा आकार दिसतो. आणि लॅबला फाइल कृपा करून व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथं फाइल दाबली जाऊन बारकावे जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या.

फ्रेमच्या बाबतीत एकच, प्रिंट काचेला चिकटता कामा नये. मधे माउंट बोर्ड, म्हणजे प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, ॲसिड-फ्री घाला, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरली की कागद काचेला चिकटतो, बुरशी येते, आणि मग गिऱ्हाईकाचा फोन येतो.

आता काय विकलं जातं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं घ्या. पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं, कमरेला की गळ्याला, आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनमध्ये तोच फोटो असतो. बाहेरच्या माणसाला त्यात गढूळ पाणी आणि एक मूर्ती दिसेल. पण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या नाशिककराला तो घरात हवा असतो, मी स्वतः असे फोटो विकले जाताना बघितलेत. उलट दवाखान्यासाठी, होमस्टेसाठी घेणारा माणूस शांत काहीतरी शोधतो, गंगापूर धरणाचं पाणी, धुक्यातला अंजनेरी, द्राक्षाच्या रांगा. म्हणून टेबलावर आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, हा कोणाच्या भिंतीवर लागेल? उत्तर नसेल तर फोटो वाईट ठरत नाही, विकायच्या गठ्ठ्यात मात्र नको.

आणि रेट. इथं मला मनापासून राग येतो, कारण चांगली चांगली पोरं फ्रेमवाल्याच्या बिलावर पाचशे रुपये लावून मोकळी होतात. हिशोब करून बघा. समजा प्रिंट, माउंट, फ्रेम, पॅकिंग मिळून खर्च आला २,००० आणि तुम्ही लावले ३,०००. कॅफेत किंवा गॅलरीत लावला आणि त्यांनी तिसरा हिस्सा घेतला, कुठं कुठं तर निम्मा घेतात, तर तुमच्या हातात उरले २,०००, म्हणजे काहीच नाही. ६,००० लावले तर तिसरा हिस्सा देऊन, खर्च काढून २,००० उरतात आणि ते तुमच्या कामाचे आहेत, त्यात लाजण्यासारखं काय आहे? ओळखीच्याला घरून थेट विकतानाही रेट तोच ठेवा, नाहीतर गॅलरीवाला परत दारात उभं करणार नाही. एडिशन ठेवायची असेल, म्हणजे ठरावीकच प्रती काढायच्या असतील, तर मागे पेन्सिलने ३/१५ (पंधरातली तिसरी) असं लिहा, सही करा, आणि मग त्या एडिशनची सोळावी प्रिंट खरंच काढू नका, मागणी आली तरी.

२०२७ च्या सिंहस्थाचे फोटो विकायचं बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. तर चेहरा स्पष्ट दिसत असेल तिथं माणसाशी बोला, विकणार आहे हे सांगा, जमेल तिथं त्याला एक प्रिंट द्या. घाटावर स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो विकू नका, आमच्या टेबलावर ते आम्ही बघतसुद्धा नाही.

बिल मात्र प्रत्येक वेळी करा, कच्चं का होईना, आणि त्यावर लिहा की प्रिंट विकली आहे, कॉपीराइट नाही. होमस्टेवाल्याने भिंतीवर लावायला घेतलेला फोटो उद्या त्याच्या जाहिरातीत आला तर दाखवायला तेवढा एक कागद तुमच्याकडे असतो. लग्नाची किंवा कोणी पैसे देऊन करून घेतलेली कामं यात धरू नका, तिथं वेगळं काही ठरलेलं नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क काम देणाऱ्याकडे जातो, तेव्हा ते फोटो प्रिंट करून विकायचे असतील तर काम घेतानाच लेखी बोलून घ्या.