तुम्ही विचारलंत म्हणून: विदर्भाच्या उन्हात पाळीव उंदीर

गावात पाळीव उंदीर ठेवायचे म्हटलं की प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडच्या मे महिन्यात ते जगतील का, आणि जगवायचे तर घरात काय काय लागेल? जगतात. कुठल्या खोलीत ठेवता यावर ते अवलंबून आहे, बाकीचं सगळं त्यानंतर.

इथे विषय आहे तो शहरातल्या दुकानांत मिळणाऱ्या पांढऱ्या, काळ्या-पांढऱ्या किंवा बदामी उंदरांचा. तपकिरी उंदराची ही पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेली जात. धान्याच्या कोठीतला उंदीर किंवा धुऱ्यावरची घूस पकडून पाळायचा प्रयत्न करू नका. ते माणसाळत नाहीत आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पाळीव उंदीर साधारण २ ते ३ वर्षं जगतो, म्हणजे त्याला दोन तरी उन्हाळे काढायचेच असतात. म्हणून आपल्याकडे सगळा हिशोब उन्हाळ्यापासून मांडावा. खाण्यात थोडं मागेपुढे झालं तर उंदीर निभावून नेतो. कोंडलेल्या तापलेल्या हवेत मात्र तो एका दुपारीत जातो.

त्याचं कारण त्याच्या शरीरात आहे. उंदराला घाम येत नाही, आणि कुत्र्यासारखं धापा टाकूनही त्याला अंग निववता येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो. शेपटीवर केस जवळपास नसतात, उकाड्यात तिच्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हात लावला तर ती गरम लागते. पण भोवतालची हवाच शेपटीपेक्षा गरम झाली की हा उपाय संपतो. मग तो थुंकीने अंग ओलं करू लागतो. २० ते २६ अंश सेल्सिअसला उंदीर खुशाल असतो, ३० च्या वर सुस्तावतो, ३४-३५ च्या पुढे जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे बाहेर पारा ४५ ला टेकतो.

त्यामुळे टिनाच्या खोलीत उंदीर ठेवूच नका, पंखे कितीही लावा. पंखा तापलेली हवाच फिरवतो. मातीच्या जाड भिंतींची, कवेलूची मधली खोली सगळ्यात चांगली. स्लॅबचं घर असेल तर खालच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली घ्या. पिंजऱ्याच्या उंचीवर साधं थर्मामीटर टांगा आणि ते दुपारी तीनला आणि रात्री नऊला असं दोनदा बघा. स्लॅब दिवसभर पिलेली उष्णता संध्याकाळनंतर सोडतो, म्हणून बाहेर वारा सुटला तरी खोली आत भाजत असते.

एप्रिल-मेमधली आपली कोरडी हवा कूलरला मानवते. जितकी हवा कोरडी तितकं पाणी जास्त उडतं आणि तितका गारवा जास्त. फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको, झोताच्या बाजूला पिंजरा ठेवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी राहू द्या, नाहीतर दमटपणा साचतो. ताट्या दर उन्हाळ्यात नव्या बसवा आणि टाकी आठवड्याला रिकामी करून घासा. कुजक्या ताटीतून येणारी बुरशी उंदराच्या फुप्फुसाला सोसत नाही. पावसाळा लागला की कूलर बंद. तेव्हा तो गारवा देत नाही, फक्त ओल देतो.

लाइन गेली तर काय, याची तयारी आधीच हवी. फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा आणि जुन्या मोज्यात घालून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात द्या. दुसरा कोपरा मोकळा ठेवा, म्हणजे नको वाटलं तर उंदीर दूर जाईल. फ्रीज नसेल तर फुटलेल्या माठाचा मोठा तुकडा पाण्यात भिजवून आत उपडा ठेवा. पाणी उडत जातं तशी त्याच्याखाली गार सावली होते. खिडकीला ओलं पोतं लावा, पण पिंजऱ्यावर पोतं टाकून तो झाकू नका. हनुवटी ओली, उंदीर पोटावर पसरलेला, शेपटी चटका बसावा इतकी गरम, हात लावला तरी उठत नाही, ही ऊन लागल्याची खूण. लगेच सावलीत घ्या आणि शेपटी व पाय साध्या गार पाण्यात बुडवा. बर्फाचं पाणी वापरू नका, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. शुद्धीवर असेल तरच तोंडाशी पाण्याचा थेंब धरा.

पिंजरा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो आणि दुकानातल्या पोपटाच्या पिंजऱ्यापेक्षा तो कितीतरी बरा ठरतो. दोन-तीन उंदरांसाठी २ फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट उंच. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी. एक इंचाच्या जाळीतून पिल्लू सहज निसटतं, आणि कोंबड्यांची षटकोनी जाळी दातापुढे फार दिवस टिकत नाही. दार पुढून आणि मोठं ठेवा, आतला कोपरान्‌कोपरा हाताला लागला पाहिजे. वर सरकणारं दार उंदीर नाकाने उचलतो, म्हणून कडी फिरवून बसणारी घ्या. तळाला पत्र्याचा बाहेर ओढता येणारा ट्रे करा. मधले मजले जाळीचे ठेवू नका. उघड्या जाळीवर सतत चाललं की तळव्याला घट्टे पडतात, ते चिघळतात आणि महिनोन्‌महिने बरे होत नाहीत. मजल्यांवर चटईचा किंवा जाड रेक्झिनचा तुकडा बांधा. दोन मजल्यांत ८ ते १० इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. नवी जाळी पांढऱ्या व्हिनेगरने पुसून, धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरा. काचेची टाकी आणि झाकणाचा प्लास्टिकचा डबा या दोन्हींत हवा खेळत नाही, म्हणून दोन्ही नकोत.

पिंजरा जमिनीवर न ठेवता अडीच-तीन फूट उंच स्टँडवर ठेवा, आणि स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांपासून वाचायला हे पुरतं. सापासाठी वेगळी काळजी लागते. उंदराचा वास आला की धामण आणि नाग येणारच, आणि लहान साप अर्ध्या इंचातूनही शिरू शकतो. दाराखालची फट रबरी पट्टीने, मोरीचं तोंड जाळीने बंद करा आणि सांडलेलं धान्य रोज झाडा.

अंथरायला काय घालायचं, यात आपल्याकडे हमखास चूक होते, कारण घरात कुटार (मळणीनंतरचा भुसा) असतं. सोयाबीन-तुरीचं कुटार, धानाचा कोंडा, आरा मशीनचा भुसा हे तिन्ही टाळा. तिन्हींची धूळ नाकात जाते, आणि बहुतेक पाळीव उंदरांत मायकोप्लाझ्मा नावाचा फुप्फुसाचा जंतू आधीच दबून असतो. धूळ आणि मुताचा अमोनिया त्याला उठवतात. दुसरी चूक सुट्या कापसाची. घरात पिकलेला स्वच्छ कापूस बघून तो द्यावासा वाटतो, पण त्याचे तंतू पिल्लांच्या पायाला गुंडाळतात, रक्त अडतं आणि पाय सुकतो. जुनं सुती धोतर, लुगडं किंवा बनियन कापून अंथरा. किनार उसवलेली नको, आणि टर्किशचा टॉवेल नको, कारण त्याच्या फासांत नखं अडकतात. घरट्यासाठी कागदाच्या लांब पट्ट्या आत टाका, त्या उंदीर स्वतःच ओढून नेऊन रचतो. ट्रे रोज पुसा आणि कपडे तीन-चार दिवसांनी साध्या साबणाने धुवा. घरट्याची एक जुनी चिंधी मात्र न धुता परत ठेवा. सगळाच वास गेला की उंदीर सगळीकडे नव्याने मुतून ठेवतो. पिंजऱ्याजवळ फिनाइल, मच्छर अगरबत्ती, उदबत्ती, चुलीचा धूर नको. पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर डोळ्याला झोंबलं, तर उंदराला ते केव्हाचंच झोंबत असतं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठीच्या गोळ्या मिळाल्या तर खुराकाचा दोन तृतीयांश भाग त्यांचाच ठेवा. गावात त्या मिळणं कठीण, म्हणून किलोभर मिश्रणाचं प्रमाण देऊन ठेवायला हवं: ज्वारी ५०० ग्रॅम, गहू २००, फुटाणे २००, सोयाबीनच्या वड्या ५०, भाजलेलं जवस ५०. यात साधारण १५ टक्के प्रथिनं होतात आणि मोठ्या उंदराला ती पुरतात. रोज एका उंदराला यातलं १५ ते २० ग्रॅम. तो आधी फुटाणे वेचून खातो आणि ज्वारी ठेवतो. ती संपल्याशिवाय वाटी भरू नका, नाहीतर पुढे तो नुसत्या फुटाण्यांवर जगायला लागतो. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला वरून उकडलेलं अंडं, शिजलेली मुगाची डाळ. सगळ्यांना रोज थोडी काकडी, गाजर, भोपळा किंवा मेथी. तेल-मिठाचं, सावजी रश्श्यातलं काही नाही.

आपल्या शेतात पिकणाऱ्या काही गोष्टी उंदराला चालत नाहीत. सरकी आणि सरकीची ढेप यांत गॉसिपॉल हे विष असतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, शिजवल्यावर ते निकामी होतात. लाखोळीची डाळ नसांना बाधते. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी आणि कुबट शेंगदाणे फेकून द्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं, आणि उंदीर त्याला फार हळवा असतो. संत्र्याचं साल नराला अजिबात नको. सालीच्या तेलातलं लिमोनीन नर उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा करतं. मादीत ती अडचण नाही, तरी गाभ्याची एखादी फोड दोघांना पुरे. एक लक्षात असू द्या, उंदराला उलटी करता येत नाही. चुकून आत गेलेलं काहीच बाहेर पडत नाही.

पाण्याची गोळीवाली बाटली (नळीच्या तोंडाशी फिरती गोळी असते ती) रोज बोटाने टिचकावून बघा. बोरच्या पाण्याचे क्षार गोळीला चिकटतात, मग बाटली भरलेली दिसते आणि उंदीर तहानलेला असतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं खारं पाणी देऊ नका, घरची माणसं पितात तेच द्या. उन्हाळ्यात बाटलीसोबत जड दगडी वाटीही ठेवा.

एकटा उंदीर ठेवू नका. दोन नर किंवा दोन माद्या, आणि नर-मादी कधीच नाही. मादी पाचव्या-सहाव्या आठवड्यात वयात येते, २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज, आणि व्यायल्यावर दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते. दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबू नका. पाच आठवड्यांच्या नराची अंडं शेपटीखाली स्पष्ट दिसतात.

उंदराच्या डोक्याला काम लागतं. काम नसेल तर तो जाळी कुरतडत बसतो. रोजच्या धान्याचा अर्धा वाटा वाटीत न घालता कागदाच्या पुड्या बांधून, मक्याच्या वाळल्या सालांत गुंडाळून, बांबूच्या टोपलीखाली लपवून द्या. घमेल्यात काथ्याचा भुगा भरून त्यात गहू पेरा, अंकुर वर आले की घमेलं तसंच आत ठेवा. उंदीर ते उकरतो, खातो, पुन्हा पुरतो. उन्हाळ्यात उथळ परातीत अर्धा इंच पाणी आणि त्यात मटार टाकले तर हाताने काढून खातो. जुन्या जीन्सच्या पायाचा झुला, तीन-चार इंची पाइपचा कोरा तुकडा (शेतातल्या फवाऱ्याला लावलेला नको), बांबूची शिडी, पेरू किंवा बोरीची वाळलेली फांदी. पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी (कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्या) कुरतडायला देऊ नका, त्यांवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. आठवड्याला सामानाची जागा बदला. संध्याकाळी तासभर बंद खोलीत मोकळं सोडा, वायरी आधी उचलून. शेपटीला धरून कधीच उचलू नका, शेपटीची कातडी निसटून येते. छातीखाली एक हात, मागच्या पायांखाली दुसरा. पहिल्या आठवड्यात चमच्याला दही लावून चाटायला द्या. चमचा हळूहळू आखूड धरत हात जवळ आणला की उंदीर चढून तळहातावर येतो.

घरात उंदीर मारायला आमिषात कालवायचं झिंक फॉस्फाइड किंवा तशा वड्या असतील तर त्या कुलुपात ठेवा. कोठीत त्या मांडल्या असतील त्या दिवसांत पाळीव उंदरांना खोलीत सोडू नका.

दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. आजार दिसण्याआधी तो वजनात कळतो. डोळ्या-नाकाभोवती लाल डाग दिसला तर घाबरू नका, ते रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीतला लाल स्राव असतो. पण रोज दिसत असेल तर उंदीर आजारी आहे. शिंका, श्वासाला टिकटिक आवाज, अंगावरचे केस उभे, पाठ वाकलेली असं दिसलं तर थांबू नका. तालुक्याचे पशुवैद्यक बहुतेक गाई-बैलांचे, म्हणून जाताना उंदराचं नेमकं वजन लिहून न्या, डोस त्यावरच ठरतो. नागपूर जवळ असेल तर तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. बैलांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांचं औषध) अंदाजाने एक थेंबही देऊ नका. मादीच्या मानेपासून जांघेपर्यंत कुठेही गाठ येऊ शकते. ती बहुधा साधी असते आणि लवकर दाखवली तर काढता येते. उंदीर चावला तर जखम साबणाने भरपूर धुवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आला तर डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आपणहून सांगा, म्हणजे ते रॅट बाइट फीव्हरचा (उंदराच्या चाव्यातून येणाऱ्या तापाचा) विचार करतील आणि प्रतिजैविक वेळेवर सुरू होईल.