तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्याच भेटीत मी हातात काही का देत नाही

हा प्रश्न बहुतेक वेळा दारातच येतो. समुपदेशनाचा तास संपलेला असतो, माणूस उठलेला असतो आणि कडीला हात लावता लावता मागे वळून विचारतो, "मग मी आता घरी जाऊन करू काय?" सोबत नातेवाईक असले तर ते जरा फटकून विचारतात, "आज काही दिलं नाहीत का?" जणू मी पुडी बांधायला विसरले. आमच्याच क्षेत्रात नव्याने आलेली मुलं मात्र आदराने कोंडीत पकडतात. "मॅडम, निदान श्वासाचा व्यायाम तरी द्यायचा ना पहिल्या सेशनला. तेवढ्याने काय बिघडतं?"

तेवढ्याने काय बिघडतं, तेच सांगायला बसले आहे.

त्याआधी थोडं चिडून घेते. मी गूढ वाटावं म्हणून गप्प बसत नाही. तासभर 'हं, हं' करून पाठवून देते, असाही एक समज आहे, तोही खोटा. मुळात 'समुपदेशक' या शब्दानेच आमचा घात केलाय. आत चांगला ढळढळीत 'उपदेश' बसवलेला, मग लोक तो न्यायला येणारच. पहिल्या भेटीत मी भरपूर काम करते. झोप कशी आहे, भूक कशी आहे, थायरॉइड तपासलंय का (तो वाढला तरी छातीत धडधडतं आणि हात कापतात, आणि माणूस महिनोन्‌महिने स्वतःच्या मनालाच दोष देत बसतो), कॉफी किती, गोळ्या कुठल्या. जगू नये असं वाटतं का, हे तर मी सरळ त्याच शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उत्तर 'हो' आलं तर त्या दिवशी मी काही राखून ठेवत नाही. रात्री कोण सोबत असेल, घरातल्या कुठल्या गोष्टी हलवायच्या, कुणाला फोन करायचा, सगळं लिहून हातात देऊनच दार उघडते.

म्हणजे प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. ज्यांच्या जिवाला धोका नाही, पण जीव घाबरा झालाय, किंवा कुणी गेलंय, किंवा दोन्ही. आणि ही दोन्ही किती वेळा एकत्र येतात ते मला उशिरा कळलं.

पंधराएक वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "व्यवसाय बदला, वही मात्र खरी लिहा," एवढंच त्यांचं म्हणणं. व्यवसाय बदलण्यापेक्षा गाळते. तक्रार अशी, की रात्री अडीचच्या सुमाराला जाग येते, छाती आवळते, हातापायांना मुंग्या येतात आणि आता संपलं असं वाटतं. ईसीजी स्वच्छ होता. डॉक्टरांनीच पाठवलं होतं. फॉर्मवर 'कुटुंबातील अलीकडील घटना' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'आई वारली, चार महिने'. मी वाचलं. वाईट वाटलं म्हणाले. त्याबद्दल बोलायचंय का, असंही विचारलं. ते म्हणाले, "वय झालं होतं. त्यात काही नाही."

मला ते पटलं, कारण ते पटणं माझ्या सोयीचं होतं. पॅनिकवरचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यांवरचं, प्रशिक्षण नुकतंच घेऊन आले होते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेलं ते वर्तुळ मला पाठ होतं. शरीरात काहीतरी होतं, आपण त्याचा अर्थ 'मी मरतोय' असा लावतो, त्याने भीती वाढते, भीतीने शरीर आणखी पेटतं. कागदावर काढून दाखवलं. त्यांना आवडलं. मग मी पोटावर हात ठेवून श्वास शिकवला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. "आणि मग थांबा. घाई करू नका. पुढचा श्वास आपोआप येतो."

हे वाक्य मी त्या काळात दिवसातून चारदा तरी बोलत असेन.

ते अतिशय शिस्तीचे. वहीत पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, भीती दहापैकी किती. सुरुवातीला आकडा आठवरून सहावर आला आणि मी खूश झाले. पाचव्या आठवड्यात तो नऊवर गेला. तेव्हा मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "सराव कमी पडतोय." आजही हे वाक्य आठवलं की मी एकटी असले तरी मान खाली जाते. त्या माणसाला मी सराव वाढवायला सांगितला.

सातव्या भेटीत वही टेबलावर उघडी होती. मला उलटी दिसत होती. कडेला एक जादा रकाना दिसला, मथळा नसलेला. त्यात आकडे. 3, 4, 3, 5. खाली 9. त्याच्या खाली 11.

"हे काय?"

"थांबतो ना मी. ते सेकंद."

"इतकं थांबायला मी कुठे सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात, पुढचा आपोआप येतो." मग खाली बघत, "मी बघतो, येतो का."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते सलग सांगितलं, एखादा अहवाल वाचावा तसं. आई घरीच होती. श्वास अनियमित होईल, मध्ये खंड पडेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. दीड वाजल्यापासून ते मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन बसले होते. भाऊ शेजारच्या खोलीत झोपला होता, तीन रात्रींचा जागा. खंड तीसच्या वर गेला की त्याला उठवायचं, असं यांनी मनाशी ठरवलं. अठरा. बावीस. एकोणीस. सव्वीस. सव्वीसनंतर तिने पुन्हा श्वास घेतला, तेव्हा त्यांना हायसं वाटलं, म्हणाले झोपू दे त्याला अजून. पुढच्या वेळी तीस झाले. चाळीस झाले. ते मोजतच राहिले. "दोनशेच्या वर मोजलं मी, मॅडम. मला वाटत होतं, येईल." भावाला उठवायचं राहून गेलं. घड्याळात अडीच वाजून गेले होते.

मी म्हणायला लागले, "यात तुमची काही चूक..." त्यांनी हाताचा पंजा वर केला. "ते नको."

म्हणून मी बसले. तो आडाखा नव्हता, मला काही सुचतच नव्हतं. पंख्याच्या आवाजाशिवाय खोलीत काही नव्हतं. निघताना दारात त्यांनी तोच प्रश्न विचारला. "मग आता मी घरी जाऊन काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं सांगितलं. पुढच्या आठवड्याला या म्हणाले. ते येतील असं वाटलं नव्हतं. आले.

नंतर शोधलं तर त्या श्वासाला नावही आहे. जॉन चेन या डॉक्टरांनी 1818 मध्ये आणि विल्यम स्टोक्स या डॉक्टरांनी 1854 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून चेन-स्टोक्स. श्वास खोल होत जातो, मग उथळ, मग थांबतो, मग पुन्हा सुरू. बऱ्याच जणांच्या अखेरच्या तासांत तो दिसतो. म्हणजे उशाशी बसलेल्या किती माणसांनी सेकंद मोजले असतील! आणि त्यातले किती नंतर माझ्यासारखीकडे येऊन 'थांबा, पुढचा आपोआप येतो' हे शांत, शिकवलेल्या आवाजात ऐकून गेले असतील!

माझ्या पर्यवेक्षकांना, म्हणजे माझं काम तपासणाऱ्या ज्येष्ठांना, हे सांगितलं तेव्हा ते फार बोलले नाहीत. "फॉर्मवर आईचं लिहिलं होतं ना?" एवढंच.

तेव्हाची मी अजून अधूनमधून भांडायला येते. म्हणते, तंत्र चूक नव्हतं. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते, हे शरीरशास्त्र आहे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि म्हणून मुंग्या येतात, हेही खरं. हो, खरं. मग? तर मग तू एका माणसाला रोज दोनदा त्याच्या आईच्या उशाशी नेऊन बसवत होतीस, आणि वर त्याला गुण देत होतीस. ती म्हणते, मला माहीत नव्हतं. मी म्हणते, विचारलं कुठे होतंस? ती म्हणते, विचारलं होतं. आणि हे खरंच आहे, विचारलं होतं. 'वय झालं होतं, त्यात काही नाही' हे उत्तर आलं की गप्प राहून आणखी अर्धा मिनिट थांबायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं आणि तिला वर्तुळ काढायची घाई होती. इथे आमचं भांडण दर वेळी थांबतं. मिटत नाही.

दुःखाच्या बाबतीत तयार वस्तू देण्याचा आणखी एक तोटा मी इतक्या वेळा पाहिलाय, की त्यावर चिडायचाही कंटाळा आलाय. शोकाचे ते पाच टप्पे: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. लोक पाठ करूनच येतात. एक बाई अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या होत्या, "मला राग आलाच नाही अजून. माझं काही चुकतंय का?" मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते टप्पे 1969 मध्ये मांडले ते असाध्य आजाराने स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या माणसांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात ते पुढे पडले. मला जास्त कामाचं वाटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकावर संशोधन करणाऱ्या दोघांनी 1999 मध्ये मांडलेलं. माणूस हेलकावे खात असतो. कधी गेलेल्या माणसाकडे, कधी उरलेल्या कामांकडे, आणि हे इकडून तिकडे जाणंच निरोगी. सकाळी रडून दुपारी विम्याचे कागद भरणारा माणूस निर्दयी नसतो. पण बघा, हेही मी पहिल्या दिवशी सांगत नाही. सांगितलं की लोक हेलकावे बरोबर पडतायत का ते तपासायला लागतात.

'किती दिवस चालायचं हे?' यालाही माझ्याकडे आकडा नाही. आकडे आहेत, नाही असं नाही. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे. त्यात किमान सहा महिने धरलेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानांच्या नियमावलीत, त्याच वर्षी, प्रौढांसाठी किमान वर्ष. नुसता काळ पुरत नाही, जगणं अडून बसलेलं असावं लागतं. वहीवाले गृहस्थ आजच्या या दोन्ही मापांत बसले नसते. चारच महिने झाले होते त्यांना.

आता उलट बाजूचंही सांगते, नाहीतर मी फार शहाणी झाले असं वाटेल. वहीनंतरची दोन-तीन वर्षं मी कुणालाच काही दिलं नाही. पोळलेली होते. त्यात एक मुलगी आली. लिफ्टमध्ये पॅनिक अटॅक आला होता, तेव्हापासून नऊ मजले जिन्याने चढत होती. मी पाच भेटी तिचं बालपण, वडील, जुनी मैत्रीण असं सगळं हळुवार उकरत बसले. काही निघालं नाही, कारण काही नव्हतंच. सहाव्या भेटीत अखेर तिला खुर्चीत बसूनच मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. मुंग्या आल्या, छाती धडधडली, आणि थोड्या वेळाने ते सगळं आपोआप गेलंही. ती हसायलाच लागली. "एवढंच होतं? हे पहिल्या दिवशी केलं असतं तर?" तिचे पाच आठवडे आणि रोजचे नऊ मजले माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हा नव्या मुलांना मी नियम देऊ शकत नाही. व्यायाम द्यायचा नाही म्हणावं तर ती मुलगी समोर येते, द्यायचा म्हणावं तर तो मथळा नसलेला रकाना. गृहस्थांची रात्रीची जाग पुढे विरळ झाली. ते मोजायचे थांबल्यामुळे, की ती रात्र कुणाला तरी सांगितल्यामुळे, की नुसते महिने गेल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. भावाला त्यांनी ते सांगितलं की नाही, तेही मला ठाऊक नाही. दोनदा विचारायचं मनात आलं, विचारलं नाही.

हल्ली श्वास शिकवायच्या आधी एक प्रश्न विचारते. "श्वास मोजायला सांगितला तर तुम्हाला काय आठवेल?" बरेच जण विचित्र नजरेने बघतात. काही जण थांबतात, आणि मग आम्ही श्वासाचं राहू देतो, ते कशावर थांबले तिकडे वळतो. परवा एक बाई वैतागून म्हणाल्या, "श्वास आठवेल, आणखी काय आठवणार?"

मी थोडा वेळ वाट पाहिली. खरंच आणखी काही नव्हतं. त्यांना त्याच दिवशी दिला.