अर्नाळा ते लोफोटेन : आमची वाटचाल

विरारहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दहा बाय बाराचा गाळा आहे. २००६ साली तो घेतला तेव्हा त्यात नायलॉनचं सूत, बोये, दोरखंड, शिसं आणि गऱ्या एवढाच माल होता. गिऱ्हाईक ठरलेलं. अर्नाळ्याचे बोटवाले यायचे, वहीत मांडून न्यायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या चालू झाला की हिशेब चुकता करायचे. माझे वडील डोलीवर, म्हणजे डोल नावाच्या मोठ्या जाळ्यानं मासेमारीला, जाणारे. त्यांची बोट विकली तेव्हा आलेल्या पैशातून हा गाळा झाला, म्हणून दुकानात आजही त्या बोटीचं सुकाणू टांगलेलं आहे.

आज त्याच गाळ्यातून दर मार्चमध्ये एक गट नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर मासेमारीला जातो. हे कसं झालं, असं लोक विचारतात. एका दिवसात झालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात गरीपासून झाली. दुकानात मुस्ताद कंपनीच्या गऱ्यांचे डबे असायचे. मुंबईहून हौशी गळवाले यायचे आणि तीच गरी मागायचे. १८७७ पासून गऱ्या बनवणारी ही कंपनी नॉर्वेची, हे मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. ही मंडळी बँकेत, आयटीत, रेल्वेत काम करणारी. शनिवारी रात्री खडकावर बसून एका जिताड्यासाठी पहाट करायची. त्यांच्यासाठी रॉड आणि रील ठेवायला लागलो. मग बोटीवर न्याल का, असं ते विचारू लागले. २०१० साली चुलतभावाच्या बोटीतून पहिली सहल काढली, सहा माणसं, माणशी सातशे रुपये. पुढं देवबाग, मालवण, आणि २०१४ पासून अंदमान. अंदमानात धंदा बरा चालला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

लोफोटेनला मी पहिल्यांदा गेलो २०१७ च्या मार्चमध्ये, एकटाच. अंदमानच्या सहलीतला एक जण नोकरीनिमित्त ऑस्लोला गेला होता, त्यानं बोलावलं. ऑस्लोहून विमानानं एव्हेनेसला उतरायचं आणि तिथून पूल आणि बोगदे पार करत तीन तास बसनं स्वोल्व्हेरला. आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, ६८ अंश अक्षांशावरचं हे गाव. इतक्या उत्तरेला समुद्र गोठलेला असेल असं मला वाटलं होतं. पण अटलांटिकमधून वर जाणाऱ्या उबदार प्रवाहामुळं तिथली बंदरं हिवाळाभर उघडी असतात. मार्चमध्ये हवा शून्याच्या आसपास, आणि त्या दिवसांत दिवस-रात्र जवळपास सारखी, त्यामुळं मासेमारीला पुरता उजेड मिळतो.

मासा म्हणजे कॉड. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी नाक दाबून ज्याच्या यकृताचं तेल चमच्यानं घेतलंय, तोच हा. तो एरवी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरंट्स समुद्रात राहतो. जानेवारी ते एप्रिल या काळात अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेनच्या व्हेस्टफ्योर्ड या खाडीत येतो. या प्रवासी कॉडला तिथं स्क्रेई म्हणतात. पाच-दहा किलोचा मासा रोजचा, वीस किलोचाही मिळतो. तीस किलोच्या वरचा आणला तर मासे घेणारा व्यापारी पकडणाऱ्याला किलोभर कॉफी द्यायचा, म्हणून अशा माशाचं नावच कॉफी-कॉड पडलंय. आमच्या कोणाला अजून तो लागलेला नाही.

पण त्या पहिल्या फेरीत मी थबकलो, ते पाण्यातल्या माशामुळं नाही. बंदराच्या बाहेर खडकावर लाकडाचे मोठमोठे मांडव उभे होते आणि त्यांच्यावर हजारो कॉड वाळत होते. मीठ नाही, धूर नाही, नुसता वारा आणि थंडी. फेब्रुवारीत टांगायचे, मे महिन्यात उतरवायचे. मी आमच्या किनाऱ्यावरची बोंबलांची वलांडीच पाहत होतो. बोंबील आम्ही दोन-दोन करून जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकतो. तिथंही कॉडची जोडीच असते, फक्त शेपटीला शेपूट बांधलेली. आपल्याकडं कडक ऊन लागतं, तिथं कडक थंडी. ऊन कमी पडलं तर आमचा बोंबील नासतो, थंडी कमी पडली तर त्यांचा कॉड. बाराव्या शतकाच्या आसपासपासून हा सुका मासा नॉर्वेच्या बर्गन बंदरामार्गे युरोपभर जातो आहे. त्याची डोकीसुद्धा वाया जात नाहीत, ती सुकवून नायजेरियाला जातात. मी तिथं तासभर उभा होतो. आपली माणसं इथं आली पाहिजेत, हा विचार तेव्हाच पक्का झाला.

पहिला गट २०१८ च्या मार्चमध्ये नेला. नऊ जण. तिथले नियम आधीच समजून घेतले होते. परदेशी माणसानं फक्त हातातल्या गळानं मासेमारी करायची, जाळं नाही. पकडलेला मासा विकायचा नाही. दोन मीटरपेक्षा मोठा हॅलिबट, हा एक चपटा मासा, लागला तर तो जिवंत सोडायचा. आठ मीटरपेक्षा लहान बोट चालू असताना प्रत्येकानं लाइफ जॅकेट अंगात घातलंच पाहिजे. बोट भाड्यानं घेऊन स्वतः चालवायचा विचार मी केलाच नाही. तो समुद्र आपला नाही, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, तिथलाच हवा. साठीचा एक बोटवाला मिळाला. त्याचे वडील, आजोबा याच फ्योर्डात स्क्रेई धरत. आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला नाखवा म्हणायला सुरुवात केली, आणि आता तो त्या हाकेला वळून बघतो.

त्या सहलीत माझ्या दोन चुका झाल्या. पहिली कपड्यांची. मी सगळ्यांना लोकरीचे हातमोजे आणायला सांगितले होते. ते पाण्यानं भिजून चिंब झाले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांची बोटं इतकी बधिर झाली की रीलचं हँडल त्यांना धरवेना. आता जाड रबरी हातमोजे आणि पाण्यावर तरंगणारा पूर्ण सूट आम्ही तिथंच भाड्यानं घेतो आणि तो खर्च आमच्या दरातच धरतो. समुद्राचं पाणी चार-पाच अंशांचं असतं. त्यात पडलेल्या माणसाकडं वेळ फार थोडा असतो, म्हणून सुटाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागली. दुसऱ्या दिवशी बोट थव्यावर आली. फिश फाइंडरवर ऐंशी मीटर खोलीवर जाड पट्टा दिसत होता. चारशे ग्रॅमचं धातूचं आमिष खाली सोडलं की तळाला लागायच्या आत मासा बसायचा. लोक आनंदानं ओरडत होते, फोटो काढत होते आणि मी मोजत होतो. दीड तासात एकेचाळीस कॉड. मुंबईला परतल्यावर जाहिरातीत हा आकडा टाकायचा, हे मनात चाललं होतं. एवढ्यात नाखव्यानं इंजिन चालू केलं आणि एकच शब्द उच्चारला : पुरे. मी म्हटलं, अजून दोन तास आपले आहेत, पैसे भरलेत. त्यानं विचारलं, हे कोण खाणार? माझ्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही नऊ माणसं, राहायला एक लहानसं रोर्बू. रोर्बू म्हणजे पाण्याच्या काठावर खांबांवर उभी केलेली लाकडी खोपटी. बाराव्या शतकात नॉर्वेच्या राजानं हिवाळी कोळ्यांना निवारा म्हणून ती बांधायला सुरुवात केली, असं तिथं सांगतात. तेवढ्या घरात एकेचाळीस कॉडचं काय करायचं? प्रत्येक माशाचा गळा लगेच कापून रक्त काढावं लागतं, नाहीतर मांस खराब होतं. त्या संध्याकाळी बंदरावर उभं राहून आम्ही मासे साफ केले, रात्री अकरापर्यंत. बहुतेक मासे नाखव्यानं शेजारपाजारी वाटले. माझे वडील पाटीत लहान पापलेट दिसलं की दिवसभर बोलायचे नाहीत. मी त्यांचा मुलगा आणि मोजत बसलो होतो, याची मला फार लाज वाटली.

तेव्हापासून आमचा नियम आहे. सहलीत माणशी रोज दोन मासे ठेवायचे, ते खाण्यापुरते. तेवढे झाले की रॉड खाली. २०२१ साली नॉर्वेनं नोंदणीकृत मासेमारी-पर्यटन व्यवसायाच्या पाहुण्यांना मासा देशाबाहेर नेण्याची मर्यादा माणशी १८ किलोवर आणली, पण आमच्या गटातून मासा घरी आणायचाच नाही असं आम्ही त्याआधीच ठरवलं होतं. काही गिऱ्हाइकं या नियमामुळं गेली. ती जाऊ दिली.

२०१९ चा गट अकरा जणांचा. पोहोचलो त्याच रात्री नैर्ऋत्येचा वारा सुटला. पहिला दिवस बंद, दुसरा बंद, तिसराही. लोकांनी वर्षभर पैसे साठवलेले, रजा काढलेल्या. त्यांचा राग मला समजत होता. शेजारच्या धक्क्यावरचा एक बोटवाला जास्त पैशांत न्यायला तयार झाला. मी आमच्या नाखव्याकडं गेलो. त्यानं मला बंदराच्या तोंडाशी नेऊन लाटा दाखवल्या, तो बोलला काहीच नाही. जून-जुलैमध्ये अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वडील मला असंच उभं करायचे. मी गटाला सांगितलं, कोणीही जाणार नाही. रात्री रोर्बूत फार भांडण झालं. चौथ्या दिवशी अर्धा दिवस मिळाला आणि मासेही मिळाले, पण परत आल्यावर मी तीन दिवसांचे बोटीचे पैसे सगळ्यांना परत केले. त्या वर्षी त्या सहलीत नफा राहिला नाही. आता आमच्या पत्रकात पहिल्याच ओळीत छापतो की समुद्र बंद असेल तर बोट निघणार नाही आणि त्या दिवसाचे बोटीचे पैसे परत मिळतील. भांडणाऱ्यांपैकी चार जण २०२३ मध्ये पुन्हा आले.

२०२० बद्दल थोडंच. १२ मार्चला नॉर्वेनं टाळेबंदी जाहीर केली आणि आमचं विमान १४ तारखेचं होतं. विमानाचे पैसे अडकले, लोकांचे मात्र द्यायचे होते. गाळा गहाण ठेवून दीड वर्षात सगळे फेडले. त्या काळात घर चाललं ते पुन्हा सूत आणि गऱ्यांवरच.

२०२४ चा गट माझ्या सगळ्यात जवळचा. अर्नाळ्याच्या आठ मासेविक्या बायका. भिशीतून पैसे जमवले, दोन वर्षं लागली. पासपोर्ट काढण्यापासून सगळं नवं. शेंगेन व्हिसाच्या मुलाखतीला जाताना त्यांनी मासळी बाजाराच्या परवान्याच्या पावत्या सोबत नेल्या होत्या. बोटीवर त्या कशा वागतील याची मला चिंता होती. मासा लागल्यावर दोरी कशी द्यायची आणि कधी ओढायची, हे त्यांना सांगावं लागलं नाही. आमच्या शेजारच्या मावशींनी तेरा किलोचा कॉड काढला आणि काढल्या काढल्या त्याच्या कल्ल्यात बोट घालून पाहिलं. नाखवा बघतच राहिला.

हेनिंग्सव्हेर या लोफोटेनमधल्याच गावी एका गोदामात गेल्या वर्षीचा सुका कॉड प्रतवारीला ठेवला होता. तिथं प्रतवारी करणारा माणूस वेगळा असतो. तो प्रत्येक मासा हातात घेतो, वाकवतो, वास घेतो, उजेडात धरतो आणि मग त्या त्या ढिगात टाकतो. विसेक प्रती असतात, इटलीला जाणारा माल वेगळा काढतात. मावशींनी थोडा वेळ पाहिलं आणि एक मासा उचलून म्हणाल्या, “ह्याला आतून दमट लागलंय.” मी भाषांतर केलं. त्या माणसानं मासा परत घेतला, पोटाकडून पाहिला आणि दुसऱ्या ढिगात टाकला. पुढचा अर्धा तास तो त्यांना एकेक मासा देत होता आणि त्या सांगत होत्या.

त्याच गोदामाच्या मागं शाळेतली दहा-बारा वर्षांची मुलं कॉडच्या जिभा कापत होती. ही तिथली जुनी पद्धत, जिभेचा पैसा मुलाचा. मावशी बराच वेळ त्यांच्याजवळ उभ्या होत्या. त्या सात वर्षांच्या असताना शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर जवळा निवडायला बसायच्या, आणि त्याचा पैसा घरात जायचा, एवढंच त्या मला म्हणाल्या. त्या रात्री बायकांनी मोल्ये केलं, म्हणजे उकडलेला कॉड, त्याचं यकृत आणि गाबोळी. सोबत आणलेला आमचा मसाला एका वाटीत वेगळा ठेवला होता. नाखव्याच्या बायकोनं तो घेतला, दोनदा.

आता काळजी माशाची. नॉर्वे आणि रशिया मिळून बॅरंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा, म्हणजे वर्षात किती मासा धरायचा ते, ठरवतात. २०२१ साली तो ८,८५,६०० टन होता, २०२५ साठी ३,४०,००० टन. तोपर्यंत १९९१ नंतरचा सगळ्यात कमी. आमच्या नाखव्याच्या वाट्याचे मासे कमी झाले आणि त्याला आमच्या बोटीच्या भाड्याची गरज वाढली. म्हणून मी त्याचा दर स्वतःहून वाढवला आणि गट दहावरून आठवर आणला. दोन्हीचा भार आमच्यावर येतो, पण त्याची बोट टिकली नाही तर आमची सहलही नाही. इकडं अर्नाळ्यातही डोलीत बोंबील पूर्वीसारखा येत नाही. दुकानात सुताची विक्री घटली आहे, त्यावरूनच मला ते कळतं.

पुढच्या मार्चच्या गटात चार जागा आम्ही अर्नाळ्याच्या तांडेलांसाठी निम्म्या दरात ठेवल्या आहेत. तिथं थवा असूनही बोट का थांबवतात, लहान मासा कसा सोडतात आणि कोट्याचं गणित कसं चालतं, हे त्यांना त्या नाखव्याच्या तोंडून ऐकायचं आहे. तिघांचे पासपोर्ट आले. चौथ्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली आहे, त्यासाठी उद्या सकाळी मी त्याच्याबरोबर वसईला जातोय.